अमेरिका म्हणजे देश, खंड की दोन खंडं?

प्रश्न थोडक्यात असा: शाळकरी मुलीच्या पुस्तकात 'अमेरिका खंड' असं वाचायला मिळतं, बातम्यांत 'अमेरिकेने आयात शुल्क वाढवलं' असं येतं, आणि कामाच्या ठिकाणी असलेले पेरू देशातले एक सहकारी 'आम्हीही अमेरिकनच आहोत' असं ठामपणे सांगतात. मग अमेरिका हा देश की खंड? आणि लिहिताना काय लिहावं?

नकाशे आणि भूगोलाची पुस्तकं संपादित करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या एका नावाने जेवढे घोटाळे होतात तेवढे दुसऱ्या कुठल्याच नावाने होत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. आजच्या मराठीत नुसतं 'अमेरिका' म्हटलं की तो देश, म्हणजे वॉशिंग्टन राजधानी असलेली अमेरिकेची संयुक्त संस्थानं. खंडाबद्दल बोलायचं असेल तर 'उत्तर अमेरिका', 'दक्षिण अमेरिका' किंवा 'दोन्ही अमेरिका खंडं' असं स्पष्ट म्हणावं लागतं. पण हा नियम आजच्या मराठीपुरता आहे. स्पॅनिश किंवा पोर्तुगीजमधून आलेला मजकूर, दोनशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज, वनस्पतींच्या उगमाविषयीचं पुस्तक, जागतिक आरोग्याचा तक्ता, यांतली 'अमेरिका' बहुतेक वेळा देश नसते. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणंही बरोबर आहे, आणि ते केवळ अभिमानापोटी आलेलं नाही. त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या शाळेत त्या शब्दाचा अर्थच तो आहे.

हे असं का झालं हे समजण्यासाठी १५०७ सालचा एक नकाशा पाहायला हवा. आजच्या फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातल्या सँ-दिए या गावी मार्टिन वाल्डझेम्युलर आणि मथियास रिंगमान या दोघांनी जगाचा बारा पानांचा मोठा नकाशा छापला. कोलंबस त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता, आणि आपण आशियाच्या कडेला पोचलो ही त्याची समजूत शेवटपर्यंत कायम होती. उलट अमेरिगो व्हेस्पुची १५०१-०२ मध्ये पोर्तुगालच्या वतीने ब्राझीलचा किनारा धरून दक्षिणेकडे गेला, आणि ही जमीन आशिया नसून युरोपीयांना आजवर ठाऊक नसलेलं 'नवं जग' आहे असं सांगणारी पत्रं त्याच्या नावाने युरोपभर वाचली गेली. म्हणून सँ-दिएच्या मंडळींनी त्याच्या नावावरून त्या जमिनीला 'अमेरिका' म्हटलं. युरोप आणि आशिया ही स्त्रियांची नावं, तेव्हा हेही स्त्रीलिंगी केलं, असं त्यांनी नकाशाबरोबरच्या पुस्तिकेत लिहूनही ठेवलं आहे.

हे नाव नकाशावर कुठे छापलं आहे, ते नीट पाहण्यासारखं आहे. ते आजच्या संयुक्त संस्थानांच्या आसपास कुठेही नाही. डाव्या कडेला वरपासून खाली पसरलेल्या अरुंद पट्टीत, अगदी दक्षिणेच्या भागात, आजच्या ब्राझीलच्या बाजूला ते आहे. म्हणजे 'अमेरिका' हे नाव जन्माला आलं तेव्हा ते दक्षिण अमेरिकेचं होतं. शिवाय मुख्य नकाशात उत्तरेचा आणि दक्षिणेचा तुकडा यांच्या मधे पाण्याची वाट दाखवली आहे, आणि त्याच नकाशाच्या माथ्यावरच्या छोट्या चित्रात तेच दोन तुकडे सलग जोडलेले आहेत. एक खंड की दोन, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं नावाच्या पहिल्याच नकाशात शेजारी शेजारी छापलेली आहेत. या नकाशाची एकच मूळ प्रत आज शिल्लक आहे. ती २००३ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एक कोटी डॉलरना घेतली.

व्हेस्पुचीला दिलेलं श्रेय वाल्डझेम्युलरला पुढे पटेनासं झालं असावं, कारण १५१३ च्या त्याच्या नकाशात हे नाव नाही; तिथे 'अज्ञात भूमी' आहे. पण तोवर नाव फिरू लागलं होतं. १५३८ मध्ये मर्केटर या नकाशाकाराने आपल्या जगाच्या नकाशावर ते उत्तरेलाही लावलं: एकीकडे 'अमेरिकेचा उत्तर भाग', दुसरीकडे 'अमेरिकेचा दक्षिण भाग'. शब्दरचना पाहा. अमेरिका एक, तिचे भाग दोन. पेरूतल्या शाळेत आजही जे शिकवलं जातं ते हेच.

आता देशाकडे येऊ. ब्रिटनपासून स्वातंत्र्य घोषित करणाऱ्या १७७६ च्या जाहीरनाम्याच्या शीर्षकात 'अमेरिकेची तेरा संयुक्त राज्यं' असे शब्द आहेत, आणि इंग्रजी मजकुरात त्यातला 'संयुक्त' हा शब्द लहान अक्षराने सुरू होतो, म्हणजे तोवर ते विशेषनाम नव्हतं, साधं वर्णन होतं. अमेरिकेतली तेरा राज्यं, जी एकत्र आली आहेत, एवढाच अर्थ. तेव्हा ब्रिटिशांच्या त्या भागात तेराच वसाहती नव्हत्या. क्वेबेक होतं, नोव्हा स्कोशिया होतं, जमैका आणि बार्बाडोस होतं; ती मंडळी या बंडात सामील झाली नाहीत. त्यामुळे 'अमेरिकेची' हा शब्द पत्त्यासारखा होता: कुठली संयुक्त राज्यं, तर अमेरिकेतली. १७७८ मध्ये फ्रान्सशी तह झाला तेव्हा त्या तहात 'उत्तर अमेरिकेची तेरा संयुक्त राज्यं' असे शब्द आले. नाव अजून पुरतं घट्ट झालेलं नव्हतं.

अडचण अशी झाली की या देशाच्या पूर्ण नावातून लोकांसाठी विशेषण काढता येत नाही. फ्रान्सवरून फ्रेंच, जपानवरून जपानी. 'संयुक्त संस्थानां'वरून काय काढणार? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कोलंबिया, फ्रेडोनिया अशी दुसरी नावं सुचवली गेली, ती टिकली नाहीत. राहिला तो पत्त्यातला शब्द, आणि तोच लोकांचं नाव झाला: अमेरिकन. मग लोक अमेरिकन तर देश अमेरिका, हे ओघानेच आलं. इंग्रजीतून ते जगभर गेलं आणि मराठीतही इंग्रजीच्याच वाटेने आलं.

त्याच काळात दक्षिणेकडे काय चाललं होतं तेही पाहू, कारण मराठी पुस्तकांत ते क्वचितच येतं. १८१३ मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात होसे मारिया मोरेलोस या नेत्याने चिल्पान्सिंगो गावी भरलेल्या काँग्रेससमोर, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेसमोर, राष्ट्राच्या भूमिकेचा जो मसुदा ठेवला, त्याचं पहिलंच कलम सांगतं की अमेरिका स्पेनपासून आणि इतर प्रत्येक राष्ट्रापासून मुक्त आणि स्वतंत्र आहे. हे वाक्य आजच्या बातमीच्या सवयीने वाचलं तर काहीच कळत नाही. वॉशिंग्टनवाली अमेरिका तर कधी स्पेनची नव्हतीच, आणि १८१३ पर्यंत तिला स्वतंत्र होऊन एक पिढी उलटली होती. इथे 'अमेरिका' म्हणजे स्पेनच्या ताब्यातली ती सगळी भूमी, आणि तिच्या वतीने बोलणारे मेक्सिकोचे लोक. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या राज्यघटनेत तर 'मेक्सिकन अमेरिका' असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे स्वतःला अमेरिकन म्हणवून घेण्याची सवय दक्षिणेकडे नंतर लागलेली नाही, ती तिथे सुरुवातीपासून आहे.

आणि खुद्द वॉशिंग्टनमध्येही शब्द तेव्हा रुंद अर्थानेच चालत असे. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी १८२३ मध्ये मांडलेल्या मन्रो सिद्धांतात 'अमेरिकन खंडं' असा अनेकवचनी उल्लेख आहे: या खंडांवर युरोपच्या सत्तांनी यापुढे वसाहती करू नयेत, असा त्याचा आशय. तिथला 'अमेरिकन' हा शब्द भूगोलाचा आहे, नागरिकत्वाचा नाही.

तुमच्या सहकाऱ्यांच्या शाळेत खंडं कशी मोजतात? स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या बहुतेक देशांत अमेरिका हे एकच खंड धरतात, आणि उत्तर, मध्य, दक्षिण हे त्याचे भाग. ऑलिंपिकची पाच वर्तुळं याच मोजणीवर उभी आहेत. ती १९१३ मध्ये आखली गेली, १९२० च्या अँटवर्प स्पर्धेत ध्वजावर फडकली, आणि त्यांत अमेरिका एकच आहे. सात खंडांची मोजदाद पाठ असलेल्या मुलांना हे पाच कुठून आले असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर अर्धं इथे आहे आणि अर्धं अंटार्क्टिका गाळण्यात. इंग्रजी पुस्तकांतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही अमेरिकांना एक खंड मानणारे सापडतात. सातचा आकडा आपल्याला वाटतो तितका जुना नाही.

स्पॅनिशमध्ये संयुक्त संस्थानांच्या नागरिकासाठी वेगळा शब्द आहे, 'एस्तादोउनिदेन्से'. स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा सल्लाही असा आहे की 'अमेरिका' हे नाव त्या एका देशापुरतं वापरू नये. त्या शब्दालाही एक पेच आहेच: मेक्सिकोचं अधिकृत नाव 'मेक्सिकन संयुक्त संस्थानं' असंच आहे. ब्राझील विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत 'ब्राझीलची संयुक्त संस्थानं' होता, आणि व्हेनेझुएलाच्या नावातही १९५३ पर्यंत हेच शब्द होते. म्हणजे 'अमेरिका' टाळून नुसतं 'संयुक्त संस्थानं' म्हटल्यानेही, काटेकोरपणे पाहिलं तर, एकच देश ठरत नाही. रोजच्या व्यवहारात त्याने कोणाचं अडत नाही, ही गोष्ट वेगळी.

फुटबॉल पाहणाऱ्यांना हे पटकन कळेल. 'कोपा अमेरिका' ही दक्षिण अमेरिकेच्या देशांची स्पर्धा. २०१६ आणि २०२४ मध्ये ती संयुक्त संस्थानांत भरली, त्यामुळे नाव त्या देशावरून पडलं असावं असं अनेकांना वाटलं. तसं नाही, नाव खंडावरून आहे. शिडाच्या नौकांच्या शर्यतीतला 'अमेरिकाज कप' मात्र देशावरूनही नाही आणि खंडावरूनही नाही. १८५१ मध्ये ती शर्यत जिंकणाऱ्या नौकेचं नाव 'अमेरिका' होतं, आणि चषकाला नाव नौकेचं मिळालं.

मग निसर्गाच्या दृष्टीने खंड एक की दोन? नकाशात बोट ठेवून खाली या. मेक्सिकोपासून जमीन अरुंद होत जाते आणि पनामात सगळ्यात बारीक होते, जेमतेम पन्नास किलोमीटर. ही चिंचोळी पट्टी साधारण तीस लाख वर्षांपूर्वी वर आली असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्याआधी दोन्ही भूभागांमध्ये समुद्र होता आणि दोन्हीकडचे प्राणी वेगवेगळे वाढले होते. १९१४ पासून पनामा कालवा ही पट्टी आडवी छेदतो. त्याच्या पूर्वेला, पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर दारिएनचं जंगल आहे, आणि खंडाची रेषाही सहसा तिथूनच काढतात. अलास्कापासून अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग फक्त तिथे, सुमारे शंभर किलोमीटर, तुटलेला आहे. जमीन सलग आहे, रस्ता नाही.

दोन खंडं मानायला हा पुरावा पुरेसा वाटतो. पण मग युरोप आणि आशियाचं काय? त्यांच्यामध्ये इतकीही चिंचोळी जागा नाही, उरल पर्वताची ठेंगणी रांग आहे, आणि तरी आपण त्यांना दोन खंडं मानतो. भूपट्टांचा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा, आधार घ्यावा तर तोही अपुरा पडतो. उत्तर अमेरिकी भूपट्ट पूर्वेला आइसलँडच्या निम्म्या भागापर्यंत आणि पश्चिमेला सैबेरियाच्या टोकापर्यंत जातो, मध्य अमेरिकेचा बराचसा भाग वेगळ्या कॅरिबियन पट्टावर आहे, आणि भारत तर आशियाहून निराळ्या पट्टावर आहे. खंडांची मोजणी ही निसर्ग आणि परंपरा यांची मिळून झालेली आहे. परीक्षेत तुमच्या मंडळाच्या पुस्तकाप्रमाणे उत्तर लिहावं, म्हणजे उत्तर अमेरिका आणि दक्षिण अमेरिका अशी दोन खंडं. फक्त दुसऱ्या देशातल्या मुलाने एक म्हटलं तर तो चुकला असं मुलांना शिकवू नये.

आता मजकूर तपासताना ज्या चुका सतत हाती येतात त्यांच्याकडे येतो. मला वाटतं, प्रश्नाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण इथे आकडे चुकतात आणि वाचकाच्या मनात चुकीचं चित्र बसतं.

पहिली चूक अनेकवचनाची. इंग्रजीत खंडांसाठी अनेकवचन वापरतात, शेवटी एक 'स' लागतो आणि देश व खंडं वेगळी होतात. मराठीत 'शाळा'सारखाच 'अमेरिका' हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो. अनुवाद करणारा घाईत असला की तो 'स' गळतो, आणि 'दोन्ही अमेरिका खंडांत' ऐवजी 'अमेरिकेत' असं लिहिलं जातं. उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा एक विभाग 'अमेरिका' या नावाचा आहे. कॅनडापासून चिलीपर्यंतचे देश त्यात येतात. २०२४ मध्ये या विभागात डेंग्यूचे एक कोटीहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आता मथळा असा करा: 'अमेरिकेत डेंग्यूचे कोटीहून अधिक रुग्ण'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क आणि शिकागो येतं. प्रत्यक्षात यातले बहुसंख्य रुग्ण ब्राझीलमधले होते. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत असलेल्या आईवडिलांच्या जिवाला त्या एका मथळ्याने घोर लागतो. लोकसंख्येचा अंदाज मनाशी ठेवला तर अशी चूक लगेच पकडता येते: देशाची लोकसंख्या साधारण ३४ कोटी, दोन्ही खंडांची मिळून शंभर कोटींच्या थोडी वर. क्षेत्रफळातही तसंच: देश सुमारे ९८ लाख चौरस किलोमीटर, दोन्ही खंडं सव्वाचार कोटींच्या आसपास. तक्त्यातला आकडा देशाच्या मानाने फुगलेला वाटला की तक्त्याचा मथळा पुन्हा वाचावा.

दुसरी चूक दिशांची, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. संयुक्त संस्थानांच्या इतिहासात गुलामगिरी, कापसाचे मळे, १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध हे सगळं 'दक्षिणे'शी बांधलेलं आहे. इंग्रजी पुस्तकात 'अमेरिकन दक्षिण' असं असतं, आणि मराठीत ते 'दक्षिण अमेरिका' होऊन येतं. मग लिंकनची फौज ब्राझीलशी लढली की काय असा अर्थ निघतो. इथे 'अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं' असंच लिहायला हवं. मुलांचा यात आणखी गोंधळ होतो, आणि तो स्वाभाविक आहे: दक्षिण आफ्रिका हा देश, दक्षिण कोरिया हाही देश, मग दक्षिण अमेरिका देश का नाही? वर्गात ही तिन्ही नावं एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवली की पुरतं. 'मध्य अमेरिका' हेही तसंच. ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा या सात देशांचा तो पट्टा. निवडणुकीच्या बातम्यांत 'मिडल अमेरिका' म्हणतात ती या देशांतली नव्हे, संयुक्त संस्थानांच्या अंतर्भागातली सामान्य जनता.

'उत्तर अमेरिका' हे नाव तर निर्धास्त वाटतं, पण तेही तसं नाही. भूगोलात पनामापर्यंतचे सगळे देश आणि कॅरिबियन बेटं धरून उत्तर अमेरिकेत २३ देश येतात. जागतिक बँकेच्या तक्त्यांत मात्र 'उत्तर अमेरिका' म्हणजे कॅनडा, संयुक्त संस्थानं आणि बर्म्युडा, बस्स. तिथे मेक्सिको लॅटिन अमेरिकेच्या रकान्यात असतो. उलट १९९४ पासून लागू झालेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारात मेक्सिको होता, आणि २०२० मध्ये त्याची जागा घेणाऱ्या करारातही आहे. त्यामुळे 'उत्तर अमेरिकेचं दरडोई उत्पन्न' असा आकडा दिसला की त्यात मेक्सिको धरला आहे का हे आधी पाहावं. धरला असेल आणि नसेल, यांत फार मोठा फरक पडतो.

लॅटिन अमेरिकेचंही एक वाक्य सांगून टाकतो: ते खंड नाही. मेक्सिको उत्तर अमेरिका खंडात आणि लॅटिन अमेरिकेतही आहे, कारण एक नाव भूगोलाचं आणि दुसरं भाषा व इतिहासाचं.

पाठ्यपुस्तकातली वाक्यं सगळ्यात फसवी. 'मका, बटाटा, मिरची, टोमॅटो मूळचे अमेरिकेतले.' वाक्य खरं आहे, पण त्यातली अमेरिका देश नाही. मका मेक्सिकोतला. बटाटा अँडीज पर्वतातला, म्हणजे पेरू आणि बोलिव्हियाच्या बाजूचा. आजच्या संयुक्त संस्थानांच्या भूमीतलं पीक हवं असेल तर सूर्यफूल सांगा. असंच दुसरं वाक्य: 'कोलंबसाने १४९२ मध्ये अमेरिकेचा शोध लावला.' तिथे माणसं हजारो वर्षांपासून राहत होती, म्हणून 'शोध' हा शब्द आधीच खटकतो. पण त्याखेरीजही, कोलंबस त्या वर्षी पोचला तो बहामा, क्युबा आणि हिस्पानिओला या बेटांवर. पुढच्या सफरींत त्याने दक्षिण आणि मध्य अमेरिकेचा किनारा पाहिला. आजच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर त्याने कधी पाऊलच ठेवलं नाही. मुलांना हे वाक्य देशाच्या अर्थाने कळतं, आणि पुढे कधी तरी न्यूयॉर्कजवळ उतरलेल्या कोलंबसाचं चित्र काढून आणतात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

देश खंडाच्या आत आणि गोष्ट संपली, असंही नाही. हवाई हे संयुक्त संस्थानांचं राज्य १९५९ पासून आहे, पण ते पॅसिफिकच्या मधोमध असून कुठल्याच अमेरिका खंडात मोडत नाही. ग्रीनलँड भूगोलाने उत्तर अमेरिकेत आहे, राजकीयदृष्ट्या डेन्मार्कच्या राज्याचा भाग. आणि फ्रेंच गयाना हा दक्षिण अमेरिकेतला प्रदेश फ्रान्सचाच एक भाग आहे. तिथे युरो चालतो, आणि फ्रान्सची सर्वांत लांब भूसीमा स्पेनशी नाही, ब्राझीलशी आहे.

दुसऱ्या कुठल्या नावाचं असं होतं का, असंही लोक विचारतात. ऑस्ट्रेलियाचं होतं, पण तिथे घोळ कमी आहे, कारण देश आणि खंड जवळजवळ एकच. फरक कडेला आहे: भूशास्त्राच्या दृष्टीने न्यू गिनी बेट त्याच खंडाच्या उथळ कट्ट्यावर आहे, पण त्याचा पूर्वेकडचा भाग पापुआ न्यू गिनी हा वेगळा देश आणि पश्चिमेकडचा इंडोनेशियाचा. न्यूझीलंड मात्र ऑस्ट्रेलिया खंडात नाही, हे वारंवार सांगावं लागतं. आफ्रिकेचा प्रवास अमेरिकेच्या नेमका उलटा आहे. रोमनांचा 'आफ्रिका' हा प्रांत म्हणजे कार्थेजच्या भोवतीचा, साधारण आजच्या ट्युनिशियाचा प्रदेश. तिथून ते नाव पसरत सगळ्या खंडाचं झालं. तिकडे नाव प्रांतातून खंडाकडे गेलं, इकडे खंडाकडून देशाकडे आलं.

लिहिताना माझी पद्धत अशी. बातमी, पत्र, प्रवासवर्णन यांत देशासाठी 'अमेरिका' बिनदिक्कत लिहितो. वाचकाला ते कळतं आणि 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं' दर ओळीत लिहिल्याने वाक्यं जड होतात. त्याच लेखात खंडही येणार असेल तर पहिल्या उल्लेखाला देशाचं पूर्ण नाव देतो. खंडासाठी नुसतं 'अमेरिका' मी कधीच लिहीत नाही, 'अमेरिका खंड'सुद्धा शक्यतो टाळतो, कारण ते एक की दोन हा प्रश्न वाचकापुढे उगाच उभा राहतो. 'उत्तर व दक्षिण अमेरिका' लिहिलं की शंका राहत नाही. स्पॅनिश लेखकाच्या लेखनाचा अनुवाद असेल तर त्याची 'अमेरिका' तशीच ठेवून पहिल्या ठिकाणी एक छोटी तळटीप देतो. त्याच्या तोंडी 'लॅटिन अमेरिका' घातलं तर त्याने जे म्हटलं त्याहून वेगळंच काही म्हटल्यासारखं होतं. 'अमेरिकन राज्यांची संघटना' हे नाव आलं तर कंसात एवढं सांगतो की ही राज्यं म्हणजे टेक्सास आणि ओहायो नव्हेत, स्वतंत्र देश आहेत. १९४८ मध्ये बोगोटात तिची सनद झाली आणि दोन्ही खंडांतले देश तिचे सदस्य झाले.

कुठल्याही वाक्यात अडलं तर शेजारचे शब्द पाहावेत. जवळपास कॅनडा, मेक्सिको, चीन, रशिया असेल तर अमेरिका देश आहे. जवळ युरोप, आशिया, आफ्रिका असेल तर ती बहुतेक खंड आहे. मजकूर १८०० च्या आसपासचा असेल तर दोन्ही शक्यता धरून चालावं आणि लिहिणारा कुठला ते पाहावं. आणि आकड्यांचा तक्ता असेल तर शब्दावर विसंबूच नये. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकीत प्रत्येक देशाला आणि प्रदेशाला तीन अंकी क्रमांक असतो, तो बहुतेक मोठ्या तक्त्यांत नावाच्या बाजूच्या रकान्यात मिळतो. ८४० असेल तर देश, ०१९ असेल तर दोन्ही अमेरिका मिळून, ०२१ असेल तर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं वगळलेली उत्तर अमेरिका, आणि ००५ असेल तर दक्षिण अमेरिका.